पान पाहून घर घेणारे नारखेडे सर

भाड्याचे घर पाहायला गेलेला माणूस साधारणपणे विहीर किती लांब आहे, छप्पर गळते का, घरमालक कटकटी तर नाही ना, असल्या गोष्टी विचारतो. शालिकराम नारखेडे यांपैकी काहीच विचारीत नसत. घरमालक कुलूप काढीत असतानाच ते घराला वळसा घालून मागच्या उकिरड्याकडे जात, तिथे माजलेल्या रुईपुढे उकिडवे बसत आणि खिशातून भिंग काढून एकेक पान उलटसुलट करून पाहत. घरमालक बिचारा दार उघडून "या, आत या" म्हणत उभा राही. आत कोणी येत नसे. काही वेळाने नारखेडे हातावरची माती झटकीत पुढे येत आणि निकाल जाहीर करीत.

"घर चांगलं आहे. हवा नापास."

मग ते चालू लागत. त्यांच्यामागे मीही निघे. निघताना घरमालकाकडे पाहून, क्षमा मागितल्यासारखे, किंचित हसे. माझे काम तेवढेच होते.

वरवट बकालच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवीत आणि मी मराठी. मी त्या भागात नवा होतो, अबोल होतो, आणि कोणी "चला" म्हटले की "कुठे?" असे विचारण्याचेही धैर्य माझ्या अंगी नव्हते. नारखेड्यांना असाच सोबती हवा असावा. शाळा सुटली की ते माझ्या टेबलाशी येत, "चला सर, एक घर पाहून येऊ," म्हणत, आणि मी छत्री उचली. अशी किती घरे आम्ही पाहिली याचा हिशेब मी ठेवला नाही. परंतु गावातल्या बहुतेक घरांच्या मागच्या बाजू मला पुढच्या बाजूंपेक्षा अधिक परिचित झाल्या होत्या, एवढे सांगता येईल.

हा सारा खटाटोप त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होता. गोदाक्का पन्नाशीच्या, लवकर विधवा झालेल्या. नारखेड्यांनी लग्न केले नव्हते. दोघे भाऊबहीण एकत्र राहत. अक्कांना दमा होता. वर्षानुवर्षे तो अधूनमधून येई आणि जाई. परंतु नवे राज्य झाले, तालुक्यात आणि गावोगावी कचेऱ्यांची, दवाखान्यांची, शाळांची बांधकामे निघाली, विटांना कधी नव्हती एवढी मागणी आली, आणि नाल्याकाठच्या दामूशेठच्या वीटभट्ट्या एकीच्या अनेक झाल्या. पूर्वी भट्टीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि लाकूडफाटा जळे. आता स्टेशनावरून ट्रकने दगडी कोळसा येऊ लागला, तोही हलक्या प्रतीचा, पिवळसर गंधकाची झाक असलेला. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की त्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत धुमसत राहत, आणि अक्कांचा दमा त्यांच्याबरोबर धुमसत राही.

अक्का स्वभावाने बोलक्या, आणि त्यातही भावाला रागावणे हा त्यांचा खास प्रांत. भट्टीचा धूर आला की मात्र एक वाक्य पुरे करायला त्यांना दोनतीनदा थांबावे लागे. "शालिक... तू पुन्हा... पुन्हा चिखलात..." एवढे म्हणून त्या भिंतीला टेकत आणि उरलेला राग नुसत्या डोळ्यांनी व्यक्त करीत. नारखेडे त्या डोळ्यांकडे पाहू शकत नसत. ते उठून बाहेर जात. आणि बाहेर गेले की त्यांना एखादे रिकामे घर आठवे.

घर निवडायला रुई कशासाठी, हे मी एकदा धीर करून विचारले. त्या दिवशी त्यांनी मला नाल्याकाठाने चालवले.

"हे पहा," भट्टीजवळच्या एका रुईपाशी थांबून ते म्हणाले, "खालचं पान पिवळं आहे. ते म्हातारं झालं म्हणून पिवळं, सगळीकडून सारखं. त्याचं काही नाही. पण हे मधलं पहा. शीर हिरवी आणि दोन शिरांमधलं मांस वाळल्या गवतासारखं. टोक जळालेलं. हे म्हातारपण नाही सर, हा मार आहे."

त्यांनी पान माझ्या हातात दिले. रुईचे पान एवढे जाड, लवदार, सहसा कशाला न जुमानणारे. ते कडेने कुरकुरीत झाले होते.

"गहू-हरभऱ्याले लोक पाणी देतात, खत देतात. मग पान पिवळं पडलं की कशानं पडलं ते समजत नाही. रुईले कोणी काही देत नाही. ती फक्त हवा खाते. म्हणून हवेचं खरं तिलेच ठाऊक." आणि मग त्यांचे ते आवडते वाक्य, जे ते वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, एकदा तर थेट शाळा तपासणीस आलेल्या साहेबांसमोरही म्हणाले होते : "माणसाले काय विचारता? पानाले विचारा ना!"

एरवी ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. पान हातात आले की मात्र त्यांची भाषा आपोआप वऱ्हाडी होई.

पानाचा सल्ला घेऊन त्यांनी घरे बदलायला सुरुवात केली. सामान हलवण्याचे काम रहीमभाई छकडेवाल्याचे. रहीमभाईंना या स्थलांतरांचा एवढा सराव झाला होता की कोणती पेटी कुठे बसते आणि अक्कांची देवघराची फळी कोणत्या बाजूने धरायची हे त्यांना सांगावे लागत नसे. नव्या घरासमोर छकडा उभा राहिला की ते बैल न सोडताच विचारीत, "मास्टर साब, सामान उतरवू का तसंच राहू देऊ? कल फिर जाना है तो आजच सांगा ना."

"या वेळी पक्कं आहे, रहीमभाई."

"पिछली बार बी पक्कंच होतं. बैलाइले सुदा पाठ झालं आता. तुमचं घर दिसलं की ते पुढच्या घराकडे पाह्यतात."

अक्का छकड्यात मागे बसून हसत, आणि हसता हसता त्यांना खोकला येई. मग कोणी हसत नसे.

घर पास होण्याची ही रीत गावात पसरायला वेळ लागला नाही. शाळामास्तर म्हणजे वेळेवर भाडे देणारा, पोरेबाळे नसलेला, गडबड न करणारा भाडेकरू. अशा माणसाला उकिरड्यावरची रुई आवडते असे कळल्यावर लोक उकिरड्याकडे लक्ष देऊ लागले. ज्या झुडपाला शेळीसुद्धा तोंड लावीत नाही त्याला काही घरांतून पाणी मिळू लागले. एका गृहस्थाने तर रुईभोवती आळे करून त्याला विटांची कड लावली. नारखेड्यांनी त्या विटा हातात घेऊन पाहिल्या, कोणत्या भट्टीच्या आहेत ते ओळखले, आणि ते घर पाने न पाहताच नापास केले.

पण सुभद्राबाईंपुढे मात्र ते फसले. सुभद्राबाईंचे घर गावाच्या पूर्वेला. मागच्या अंगणात रुईचे मोठे झुडूप. आणि त्याची पाने अशी की भिंगातून पाहणाऱ्या नारखेड्यांच्या तोंडून "वा" निघून गेले. ना डाग, ना धूळ, ना जळके टोक. त्याच आठवड्यात रहीमभाईंचा छकडा तिथे उतरला. आणि दोनचार दिवसांतच अक्का बाजेवर बसून, उशीला पोटाशी धरून, सकाळपासून दुपारपर्यंत फक्त श्वास घेण्याचे काम करू लागल्या.

नारखेड्यांनी सुभद्राबाईंना अंगणात गाठले. मी होतोच.

"बाई, खरं सांगा. ही पानं अशी कशी?"

"कशी म्हंजे? मी पुसली ना!" सुभद्राबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "रोज ओल्या फडक्यानं पुसली. डागाची होती ते तोडून टाकली आधीच. पाव्हणे येणार म्हटल्यावर अंगण नाही का सारवत आपण? तसंच हे."

"अहो, पण तुम्ही मला फसवलं!"

"फसवलं काऊन? तुमाले चांगली पानं पाह्यजे होती, चांगली ठेवली. गोदाबाई घरात आल्या तं मलेही बोलायले कोणी होईन म्हटलं. माही काय खोट हाय त्याच्यात?"

त्यात खरोखरच खोट नव्हती. सुभद्राबाईच मग दिवसातून दोनदा अक्कांसाठी आले घालून काढा करून आणू लागल्या. नारखेडे मात्र त्या झुडपापुढे बराच वेळ बसून होते. दांड्यावर तुटलेल्या देठांच्या खुणा होत्या. एकीखाली एक, स्पष्ट.

"जी पानं होती ती पाहिली," ते मला म्हणाले. "नव्हती ती पाहिलीच नाहीत. सर, विज्ञानाचा मास्तर आहे मी!"

त्या दिवसापासून ते देठांच्या खुणाही तपासू लागले.

होळीच्या सुमारास अक्कांनी निर्णय सांगितला. बीबी या गावी त्यांचे सासर. तिथे धाकटा दीर होता. तिकडे भट्टी नव्हती. त्या म्हणाल्या की त्या तिकडे जातील. दिराच्या घरात त्यांना कशी वागणूक मिळे हे नारखेड्यांना ठाऊक होते. नवरा वारल्यावर त्यांनीच तिथून अक्कांना आणले होते, आणि त्या वेळी अक्कांच्या अंगावरच्या लुगड्याखेरीज त्या घरातून काही बाहेर पडले नव्हते. अक्का तिथे जाणार होत्या त्या श्वासासाठी आणि, माझी खात्री आहे, भावाची वणवण थांबावी म्हणूनही.

"बीबीले जायचं नाही," नारखेडे म्हणाले.

"मंग... काय... करतं तू?"

"घर पाहतो."

"गाव... संपलं... तुहं."

गाव खरेच संपले होते. म्हणून नारखेडे गावाबाहेर पडले. रोज शाळा सुटल्यावर आम्ही भट्ट्यांना मध्ये ठेवून एकेका दिशेला चालत जात असू. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, म्हणून धूर गावावर आणि पलीकडे नैर्ऋत्येला. उन्हाळ्यात वारा फिरे आणि धूर पूर्वेला जाई. सुभद्राबाईंचे घर नेमके त्याच वाटेवर. रुई, एरंड, धोत्रा, जे दिसेल त्याचे पान नारखेडे घेत, जागा लक्षात ठेवीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ते ही पाने खलून स्पिरिटमध्ये भिजवीत आणि त्या हिरव्या पाण्यात पांढरा खडू उभा करून ठेवीत. रंग खडूवर चढत जाई. निरोगी पानाच्या खडूवर खाली गडद हिरवा पट्टा उमटे, वर पिवळा. धुराच्या पानाचा पिवळा पट्टा जवळजवळ तसाच राही. हिरवा मात्र मळकट, शेवाळलेल्या डबक्यासारखा होई. फळ्यावर लिहायला खडू उरेना, तेव्हा हेडमास्तरांनी खडूचा डबा कुलपात ठेवायला सुरुवात केली.

निरोगी पानांची एकच दिशा उरली : उत्तर, सोनाळ्याची वाट. त्या वाटेवर थोड्या अंतरावर एकच घर होते, आणि ते दामूशेठचे, म्हणजे भट्टीच्या मालकाचे. आम्ही तिथे गेलो ते घर मागायला नव्हे. भट्ट्या नाल्याच्या पलीकडे दूर हलवाव्यात अशी विनंती करायची, असे ठरले होते. नारखेड्यांच्या कोटाच्या एका खिशात हिरवा खडू होता, दुसऱ्यात मळकट. बोलायचे मुद्दे त्यांनी वाटेत मला पुनःपुन्हा म्हणून दाखवले होते.

दामूशेठ ओसरीवर झोपाळ्यात बसले होते. "या मास्तर," ते म्हणाले. नारखेड्यांनी नमस्कार केला, आणि सवयीने घराला वळसा घालून मागे गेले.

मी आणि दामूशेठ एकमेकांकडे पाहत राहिलो.

"कुठी गेले हो ते?"

"येतील," मी म्हणालो. याहून अधिक समर्पक काही मला सुचले नाही.

ते आले तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच होता. विनंती, मुद्दे, नाल्याचा पलीकडचा काठ, सारे ते विसरले होते.

"शेठ, घर पास!"

"कोणतं घर?"

"हेच. तुमचं."

"मी भाड्यानं देऊन राह्यलो असं कोणं सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही सांगतलं. पण असली रुई मी या उभ्या शिवारात पाह्यली नाही. तळहातापेक्षा मोठी पानं, आणि एकाही देठाची खूण नाही. तुम्ही पुसत तर नाही ना?"

"रुई पुसू मी?" दामूशेठ झोपाळा थांबवून मोठ्याने हसले. "येडे का खुये तुम्ही, मास्तर?"

नारखेड्यांनी दोन्ही खडू काढून झोपाळ्याच्या फळीवर ठेवले आणि समजावून सांगितले. हा भट्टीजवळचा, हा सोनाळ्याच्या वाटेवरचा, हा असा का, तो तसा का. वर्गात सांगत तसेच, न रागावता. दामूशेठनी हिरवा खडू उचलून उजेडात धरला.

"माह्या बापानं पयली भट्टी लावली ना," ते म्हणाले, "तवा त्यानं घर नव्हतं बांधलं. सालभर नुसता धूर पाह्यला. कवा कुठी जाते, कवा कुठी. मंग घराचा पाया खोदला. तुम्ही पानं पाह्यता, माहा बाप धूर पाहे. एकच झालं."

"एकच नाही झालं," नारखेडे म्हणाले. "त्यांना जागा सापडली. मला अजून नाही."

दामूशेठनी खडू पुन्हा फळीवर ठेवला. नंतर कोणी न विचारताच भट्टी हलवणे कसे अशक्य आहे, शाळेच्या नव्या खोल्यासुद्धा याच विटांच्या कशा आहेत, हे त्यांनी सांगितले. पण ते खडूकडे पाहून सांगत होते, आमच्याकडे नाही. तेवढ्यात आतून एक म्हातारा आवाज आला.

"कोणासाठी पाह्यजे जागा?"

त्या दामूशेठच्या आई. दृष्टी गेलेली, कान शाबूत. नारखेड्यांनी दाराशी जाऊन अक्कांबद्दल सांगितले.

"दमा हाय? माह्या मायलेही होता. विहिरीपाशी खोली हाय रिकामी. पण माणूस नाही राहू देत मी, सुना हायेत घरात. बाईमाणूस एकटी असन तं येऊ दे. मले अथी बोलायले कोणी नाही. दाम्या तं नुसत्या विटा बोलते."

नारखेड्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "येईल," ते म्हणाले. "एकटीच येईल."

अक्कांना एकटीने जायचे नव्हते. "तुहा... चहा... कोण..." त्यांनी विचारले. शाळेच्या परीक्षा आहेत, त्या आटोपल्या की आपणही मागून येतो, म्हातारीशी बोलणे झाले आहे, असे नारखेड्यांनी त्यांना सांगितले. ते ज्या अवघडलेपणाने हे बोलले त्यावरून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलत असावा, हे ओळखणे कोणालाही अवघड नव्हते. अक्का इतक्या थकल्या होत्या की त्यांनी ते मानले.

रहीमभाईंनी छकडा भरला. अक्कांची पेटी, फळी, बाज. मग ते इकडेतिकडे पाहू लागले.

"और आप का सामान, मास्टर साब?"

"मागून."

रहीमभाईंनी एकदा नारखेड्यांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि गमतीचे काही न बोलता बैल हाकले. छकड्यात भरपूर गवत पसरून त्यावर त्यांनी स्वतःची घोंगडी अंथरली होती, हे माझ्या नंतर लक्षात आले.

नारखेडे सुभद्राबाईंच्या घरीच राहिले. धुराच्या वाटेवर, एकटे. दुसरे एखादे बरे घर पाहावे असे मी सुचवले, तर ते म्हणाले, "मले काय धाड भरली?" त्यानंतर त्यांनी एकही घर पाहिले नाही. शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी येऊन ते थोडे घुटमळत. कुठे जायचे आहे हे आता त्यांना आठवत नसावे. मग आम्ही नुसतेच शाळेच्या पायरीवर बसत असू.

रविवारी मात्र ते सोनाळ्याच्या वाटेने जात. पहिल्या रविवारी त्यांनी मला शाळेत बोलावले. मी पोहोचलो तेव्हा ते शाळेच्या विहिरीवर अंघोळ करीत होते. मग त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून, बरण्यांच्या मागून, धुऊन घडी केलेला सदरा आणि धोतर काढले. कपडे इथे कशाला, असे मी विचारले.

"घरी ठेवले की धूर बसतो त्यांत," ते गुंड्या लावीत म्हणाले. "तो घेऊन तिच्यापाशी जाऊ का?"

असे कित्येक रविवार गेले. परीक्षा झाल्या, निकाल लागले, उन्हाळ्याची सुटी आली. माझे गावी जाण्याचे ठरले होते; त्याआधीच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. अक्का विहिरीच्या कठड्याजवळ निंबाच्या सावलीत गहू निवडीत बसल्या होत्या. शेजारी आंधळ्या म्हातारबाई. आम्ही बसतो न बसतो तोच अक्कांनी सूप खाली ठेवले.

"आला का? ये. हप्त्यातून एक डाव तोंड दाखवतं अन् त्या तोंडाची तरी काय दशा करून घेतली रे शालिक, गालफडं बसली, सुभद्रा आली होती परवा, तिनं सांगतलं मले सगळं, दोन्ही टाइम चुरमुरे फाकून राह्यला म्हणे मास्तर, चूल पेटवत नाही म्हणे, अन् मले येऊन सांगतं की परीक्षा हायेत, कोणती परीक्षा हाय रे तुही, शिमगा झाला, पाडवा झाला, पोट्टे आंब्यावर दगडं मारून राह्यले अन् तुही परीक्षा काही सरत नाही, मी काय येडी हाव का, या माउलीले मी पयल्याच दिवशी इचारलं, तिनं सांगतलं मले की माणसाले जागा देल्लीच नाही म्हणून, तवापासून वाट पाहून राह्यली मी की हा लबाड कवा खरं बोलते..."

नारखेडे मान खाली घालून बसले होते. त्यांची बाजू कोणीतरी घ्यायला हवी असे मला वाटले, आणि माझ्या स्वभावाविरुद्ध मी घसा साफ करून म्हणालो, "अक्का, त्यांचा हेतू..."

नारखेड्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि ते ऐकत होते.

"बोलू द्या, सर," ते हळूच म्हणाले. "बोलू द्या तिले."